आजींची मालिका का बंद पडली? घरचा टीव्ही, गच्चीवरची छत्री आणि आपल्या मराठी वाहिन्या

मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या एका सभासद आजींचा आम्हाला फोन आला. "टीव्ही बिघडलाय रे, आता नवीन कुठला घेऊ ते सांगा." आजी एकट्या राहतात. संध्याकाळी सात ते नऊ हा त्यांचा मालिकांचा वेळ आणि तेवढ्या वेळात घरात मराठी बोलणारं कुणीतरी असतं, असं त्या हसत हसत सांगतात. आमच्यातले दोघे त्यांच्याकडे गेले. टीव्ही चालू होता, हिंदी वाहिन्या स्वच्छ दिसत होत्या. गेल्या होत्या त्या फक्त मराठी वाहिन्या. मागच्या रिचार्जच्या वेळी फोनवरच्या माणसाने "स्वस्तातला" पॅक लावून दिला होता आणि त्या पॅकमध्ये मराठी नव्हतंच. वर "बॉक्स जुना झालाय, बदलावा लागेल" असंही त्याने सांगून ठेवलं होतं. पुण्यातला मुलगा नवा टीव्ही मागवायच्या बेतात होता. एक फोन केला, हव्या त्या वाहिन्या जोडून घेतल्या आणि सात वाजायच्या आत मालिका सुरू झाली. बॉक्स तोच, टीव्ही तोच.

त्यानंतर लोकमान्य नगर, नारायण बाग, सुदामा नगर अशा आणखी काही घरी जाणं झालं. बहुतेक ठिकाणी दोष लहान होता आणि सुचवलेला खर्च मोठा. म्हणून हे टिपण लिहीत आहोत. घरातल्या कुणालाही समजेल, फोनवर आईबाबांना सांगता येईल, असं.

मराठी वाहिनी आपल्यापर्यंत येते कशी?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पण मनोऱ्यावरून होणारं ते प्रक्षेपण मर्यादित परिघातच पोहोचत असे. इंदूरच्या गच्चीवर कितीही उंच ॲन्टेना लावला तरी मुंबई दिसायची नाही. नव्वदच्या दशकात उपग्रहाने हे अंतर मोडलं. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी) आणि २००० मध्ये हैदराबादहून ई टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) सुरू झाल्या, तेव्हा इंदूर, बडोदा, हैदराबादच्या घरांत रोजची मराठी मालिका आली.

आज मराठी कार्यक्रम घरात यायचे चार रस्ते आहेत.

पहिला, गल्लीतला केबलवाला. त्याच्या कंपनीने ज्या वाहिन्या आपल्या जाळ्यात घेतल्या आहेत त्याच तो देऊ शकतो. मराठी वस्ती विरळ असेल तिथे सगळ्या मराठी वाहिन्या मिळतीलच असं नाही. कनेक्शन घेण्याआधी वाहिन्यांची नावं घेऊन विचारावं.

दुसरा, पैसे भरून घ्यायची डीटीएच, म्हणजे छत्रीची सेवा. उपग्रह एकच असल्यामुळे पुण्यात जी वाहिनी दिसते ती इंदुरातही दिसू शकते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठा फायदा आहे. अडचण येते ती पॅकमध्ये, छत्रीत नव्हे.

तिसरा, डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे. एकदा छत्री आणि बॉक्सचे साधारण दोन हजार रुपये भरले की महिन्याचं काही भाडं नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी तिच्यावर मिळते. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे त्या बदलत राहतात. पैसे भरून पाहायच्या मोठ्या मराठी वाहिन्या तिथे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. पण बातम्या, भजन-कीर्तन, नाट्यसंगीत एवढ्यावर समाधान असणाऱ्या घरासाठी ही उत्तम सोय आहे.

चौथा, इंटरनेट. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर पाहता येतात. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्ह्ज हे ॲप सुरू केलं. स्वच्छ एचडी चित्रासाठी टीव्हीपर्यंत साधारण ५ एमबीपीएस वेग सलग पोहोचला तरी पुरतो.

गच्चीवरच्या जुन्या काड्याकाड्यांच्या ॲन्टेनाचं मात्र आता काम उरलेलं नाही. दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं मनोऱ्यावरून होणारं प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झालं. तो "दुरुस्त करून देतो" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणावं.

आधी पडद्यावरचं वाक्य वाचा

टीव्ही दिसत नाही असं आपण म्हणतो, पण पडद्यावर काही ना काही लिहिलेलं असतं. ते वाक्य टीव्हीचं आहे की बॉक्सचं, हे ओळखलं की निम्मं काम झालं.

निळ्या किंवा काळ्या पडद्यावर नुसतंच "नो सिग्नल" तरंगत असेल आणि बॉक्सच्या रिमोटने काहीच हलत नसेल, तर ते वाक्य टीव्हीचं आहे. त्याला बॉक्सकडून काही मिळत नाही. बहुतेक वेळा टीव्हीच्या रिमोटवरचं "सोर्स" किंवा "इनपुट" बटण चुकून दाबलेलं असतं. ते दाबून एचडीएमआय १, एचडीएमआय २, एव्ही असं एकेक करून पाहावं. नातवंडं सुट्टीला येऊन गेली की हा बिघाड हमखास होतो. तेवढ्याने जमलं नाही तर बॉक्सचा दिवा लागला आहे का, मागची एचडीएमआय वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का ते पाहावं.

बॉक्सचा मेनू उघडतो, वाहिनीचं नाव दिसतं, पण "सिग्नल मिळत नाही" असा संदेश येतो, तर टीव्ही आणि बॉक्स यांच्यात बिघाड नाही. दोष बॉक्सच्या पलीकडे आहे, म्हणजे वायर, जोड किंवा छत्री. केबल असेल तर ती केबलवाल्याची बाब.

काही वाहिन्या छान दिसतात आणि काहींवर "ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही" अशा अर्थाचं वाक्य येतं, तर यंत्रात काहीच बिघडलेलं नाही. रिचार्ज संपला आहे किंवा पॅक बदलला आहे. आमच्या आजींचा प्रकार हाच होता.

यांपैकी काहीही असलं तरी आधी एक उपाय करून पाहावा. बॉक्सचा प्लग भिंतीतून काढावा, दोन मिनिटं थांबावं आणि पुन्हा लावावा. रिमोटने बंद करणं म्हणजे बॉक्स पूर्ण बंद करणं नव्हे. रिचार्ज केल्यानंतर वाहिन्या यायला बॉक्स चालू असावा लागतो, कारण परवानगीचा संदेश उपग्रहावरूनच येतो. रिचार्ज करून बॉक्स बंद ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाहिन्या नाहीत अशी तक्रार, हेही आम्ही पाहिलं आहे.

छत्री कुठे पाहते?

सगळ्या छत्र्या एकाच दिशेला पाहत नाहीत, कारण प्रत्येक सेवेचा उपग्रह वेगळ्या जागी आहे. फ्री डिशचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. इंदूरहून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच दिसतो. बडोदा, हैदराबाद, बेळगाव या सगळ्या ठिकाणांहूनही त्याची दिशा ढोबळमानाने आग्नेयच. स्वयंपाकघराची दिशा म्हणून आपल्याकडे ती सगळ्यांना ठाऊक असते, तेव्हा शोधायला अवघड नाही. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आहे, म्हणून इंदुरात ती छत्री दक्षिणेकडून किंचित पूर्वेला वळलेली असते. एअरटेलचा १०८.२ अंशांवर असल्याने ती छत्री आणखी पूर्वेकडे आणि थोडी खाली, साधारण ४५ अंशांवर पाहते.

याचा उपयोग असा. शेजारी नवी मल्टी उभी राहिली किंवा कडुनिंब वाढला, तर तो कुठल्या छत्रीच्या आड येईल हे आधीच सांगता येतं. फ्री डिशच्या दिशेला छत्रीपेक्षा ३० फूट उंच भिंत असेल आणि ती २० फुटांच्या आत असेल, तर ती आड येते. त्याहून लांब असेल तर नाही. १०८.२ अंशांच्या उपग्रहासाठी तीच भिंत ३० फुटांपर्यंत आड येते. म्हणजे एका सेवेला झाडाचा त्रास होत असेल तर दुसरीला होईलच असं नाही. नवीन कनेक्शन घेताना गच्चीवर उभं राहून आधी आकाशाचा तो तुकडा मोकळा आहे का, एवढं पाहावं.

आणखी एक गंमत. छत्री पाहिली तर ती समोरच्या गच्चीकडे पाहते आहे असं वाटतं, इतकी ती उभी असते. प्रत्यक्षात तिची नजर तिच्या तोंडापेक्षा वीसेक अंश वर असते, कारण या छत्र्यांमध्ये टोकावरचा एलएनबी मधोमध न ठेवता खालच्या बाजूला ठेवलेला असतो. "फार खाली झुकली आहे" म्हणून कुणी ती हाताने वर करू नये. एखाद्या अंशाने जरी हलली तरी चित्र जातं. माकडं, पतंग काढणारी मुलं आणि वाळत घातलेल्या चादरी ही छत्री हलण्याची नेहमीची कारणं.

मेनूमधले दोन आकडे

बहुतेक बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर वायर तुटली आहे, जोड निघाला आहे किंवा एलएनबी गेला आहे. ताकद भरपूर पण गुणवत्ता शून्य असेल, तर वायर आणि एलएनबी जिवंत आहेत, पण छत्री भलतीकडे पाहते आहे किंवा काहीतरी आड आलं आहे. तंत्रज्ञाला फोन करताना हे दोन आकडे सांगितले तर तो योग्य सामान घेऊन येतो आणि आपल्याला काही कळतं हेही त्याला कळतं.

निम्म्या वाहिन्या दिसतात आणि निम्म्या नाहीत, पण पॅक बरोबर आहे, असंही कधी होतं. उपग्रहावरून वाहिन्या दोन गटांत येतात. कुठला गट हवा हे बॉक्स वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला सांगतो. वायर सडली किंवा एलएनबी कमकुवत झाला की एक गट येतो, दुसरा येत नाही. यात बॉक्स बदलून उपयोग नाही. याच कारणामुळे एका साध्या एलएनबीची वायर फोडून दोन खोल्यांतले दोन बॉक्स नीट चालत नाहीत. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी लागतात.

फ्री डिशवर एखादी वाहिनी अचानक गायब झाली तर आधी मेनूतून वाहिन्यांचा शोध, म्हणजे स्कॅन, पुन्हा करावा. वाहिन्यांची जागा बदलली की जुन्या यादीत त्या सापडत नाहीत.

पाऊस आणि ऊन

छत्रीवर येणाऱ्या लहरी इतक्या आखूड असतात की पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. म्हणून मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हा बिघाड नाही. पाऊस ओसरला की ते आपोआप येतं. त्यासाठी कुणाला बोलावू नये.

पण पाऊस थांबून दोन तास झाले तरी चित्र येत नसेल, तर पाणी जोडात शिरलं आहे असं समजावं. एलएनबीला वायर जिथे बसते तो जोड उघडा राहिलेला असतो. पाणी वायरीच्या आतल्या जाळीतून झिरपत खाली येतं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि मग कोरड्या दिवसांतही चित्र तुटू लागतं. उपाय स्वस्त आहे. सडलेला वायरीचा तुकडा कापून नवा जोड बसवावा, वरून पाणीरोधक रबरी पट्टी गुंडाळावी आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोका द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. हे काम मे महिन्यात करून घेतलं तर जुलैत धावपळ होत नाही.

ऊनही वर्षातून दोनदा खोड्या काढतं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा दिवसा ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जातं. रोज तीच वेळ असेल तर हेच कारण. चार-सहा दिवसांत ते थांबतं.

एक कळकळीची विनंती. ज्येष्ठांनी यासाठी गच्चीवर, शिडीवर चढू नये. ओल्या गच्चीवर तर नाहीच. विजा चमकत असतील तर टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढावेत आणि छत्रीची वायरही बॉक्सच्या मागून सोडवून ठेवावी. वीज लांब पडली तरी त्या वायरीतून झटका आत येऊ शकतो.

पॅक निवडताना

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमांप्रमाणे प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर असते आणि ग्राहकाला सुटी वाहिनी मागता येते. "हा पॅकच घ्यावा लागेल" हे खरं नाही. बिलात दोन भाग असतात, वाहिन्यांचे पैसे आणि जाळ्याचं शुल्क. या शुल्कावरची कमाल मर्यादा २०२४ मध्ये काढण्यात आली, त्यामुळे ते किती हे विचारून घ्यावं.

आमचा सल्ला असा. घरी खरोखर पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची यादी एका कागदावर लिहावी. बहुतेक घरांत ती दहा-पंधराच्या पुढे जात नाही. मग ती यादी सुट्या दराने आणि पॅकच्या दराने, दोन्ही प्रकारे मोजावी. कधी पॅक स्वस्त पडतो, कधी सुटं. एकच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा घेतलेली नाही ना, हेही पाहावं. पैसे दोन्हींचे लागतात. पॅक बदलताना "माझ्या मराठी वाहिन्या राहतील ना?" हे वाहिन्यांची नावं घेऊन विचारावं.

ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला नंबरच वापरावा. कुणी फोनवर ओटीपी मागितला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवावं. सेवेबद्दल किंवा वस्तूबद्दल तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर

आधी पट्टी घेऊन अंतर मोजावं. बसायची जागा पडद्यापासून पाच फुटांवर असेल तर ३२ इंच पुरतो, सहा-सात फुटांवर ४३ आणि आठ-नऊ फुटांवर ५५. "मोठा तेवढा चांगला" हे आपल्या बाबतीत नेहमी खरं नसतं. साध्या वाहिनीच्या चित्रात सुमारे चार लाख ठिपके असतात, एचडीत वीस लाख आणि फोर के पडद्यावर त्र्याऐंशी लाख. म्हणजे साधी वाहिनी फोर के पडद्यावर लावली की एकेक ठिपका वीस ठिपक्यांच्या जागेवर ताणला जातो. मोठ्या टीव्हीवर मालिका धूसर दिसते ती यामुळे. मोठा टीव्ही घेणार असाल तर आवडत्या दोन-तीन वाहिन्या एचडीत घ्याव्यात आणि बॉक्स एचडीएमआय वायरीनेच जोडावा. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र येत नाही. एचडीचे पैसे भरून जुन्याच पिना लावलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट आवाजाची. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे असतात, त्यामुळे संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात. कानाने अधू झालेल्या माणसाला आवाज वाढवून उपयोग होत नाही, शब्द स्पष्ट व्हावे लागतात. आवाजाच्या मेनूमध्ये "स्पष्ट संवाद" किंवा "बातम्या" असा पर्याय असेल तर तो आधी लावून पाहावा. नाहीतर पडद्याखाली ठेवायचा साधा साउंडबार घ्यावा. दुकानात गोंगाट असतो, तिथे आवाजाची परीक्षा होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे "स्मार्ट" शब्दाची. स्वस्त टीव्हीवर स्मार्ट लिहिलेलं असतं, पण हवी ती ॲप अधिकृतपणे चालतातच असं नाही. दुकानातच आपल्याला लागणारं ॲप उघडून दाखवायला सांगावं. जुना टीव्ही चांगला असेल आणि फक्त इंटरनेट हवं असेल, तर एचडीएमआयच्या खाचेत बसणारी स्टिक नव्या टीव्हीपेक्षा खूप स्वस्तात तेच काम करते. फ्री डिशच पाहायची असेल तर आतच उपग्रहाचा ट्यूनर असलेले टीव्हीही मिळतात. मग वेगळा बॉक्स आणि दुसरा रिमोट लागत नाही आणि ज्येष्ठांची मोठी डोकेदुखी वाचते.

शेवटी वीज बचतीचे तारे, आपल्या शहरातलं सेवा केंद्र आणि वॉरंटीचं शिक्का मारलेलं कागदपत्र, हे तिन्ही पाहूनच पैसे द्यावेत.

एक चिठ्ठी लावून ठेवा

ज्या घरी आई-बाबा, काका-काकू एकटे राहतात तिथे टीव्हीच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर ग्राहक क्रमांक, रिचार्जची तारीख, "टीव्ही एचडीएमआय १ वर हवा" अशी सूचना, कंपनीचा खरा नंबर आणि घरातल्या एका माणसाचा फोन एवढं लिहावं. रिमोटवरच्या नको त्या बटणांवर चिकटपट्टी लावली तरी चालते.

रामबागेतल्या आजींकडे आम्ही अशी चिठ्ठी लावून आलो. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. आम्ही धसकलो. पण त्या म्हणाल्या, "शेजारच्या काकूंचा टीव्ही बंद पडला होता. मी जाऊन सोर्सचं बटण दाबलं, लागला."

ज्यांच्या घरी कुणी पाहायला नाही त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव लिहून ठेवावं. आमच्यातलं कुणीतरी येऊन जाईल. मात्र तोपर्यंत नवा टीव्ही घेऊ नका.